तेरा-तेहतीसचा खाडा

रुपया आणि पौंड यांच्यातले जुने विनिमयदर निवृत्त झाल्यावर वेळशी गावात राहायला येतात, ही गोष्ट शंभर टक्के खरी आहे. आईची शपथ घेऊन सांगतो, मी हे माझ्या डोळ्यांनी पाहिलं आहे. म्हणजे, वेळशीला मी कधी गेलेलो नाही. तिकडे जाताना एस.टी. बदलावी लागते आणि घाटात मला मळमळतं. पण ज्यांनी पाहिलं त्यांच्याशी माझं सविस्तर बोलणं झालं आहे. सविस्तर म्हणजे फोनवर, आणि तोही मध्येच कट झाला. तरी जेवढं ऐकलं तेवढं जसंच्या तसं लिहितो. पदरचं काही घालणार नाही. घातलंच तर शेवटी सांगेन.

एका पौंडाला किती रुपये मोजायचे, तो आकडा म्हणजे दर. जोवर तो चालू असतो तोवर त्याला मुंबईत काम असतं, मान असतो, पेपरात नाव छापून येतं. नवा दर लागला की जुना मोकळा. मग जावं कुठे, हा प्रश्न चारचौघांसारखा त्यालाही पडतो. वेळशीची हवा कोरडी, पाणी हलकं, आणि गाव चौकश्या करणारं नव्हे. दरांना ते मानवलं.

पूर्वी हे सगळं सुटसुटीत होतं. एकदा लागलेला दर वर्षानुवर्षं टिकायचा, त्यामुळे गावात नवा पाहुणा क्वचितच यायचा. आला की स्टँडवर लेझीम व्हायचं, सरपंच नारळ द्यायचे. पुढे जगाची रीत बदलली आणि दर रोज बदलायला लागला. तेव्हापासून रोज पहाटेच्या गाडीने आदल्या दिवशीचा दर वेळशीत उतरू लागला. अंगात इस्त्रीचा शर्ट, हातात एक बॅग, आणि चेहऱ्यावर मोठी जबाबदारी पार पाडून आल्याचा भाव. नोकरी झालेली असायची एका दिवसाची. शनिवार-रविवार बाजार बंद असल्यामुळे नवा दर लागत नसे. तेवढ्यात गाव अंथरुणं वाळवून घेई. शाळेचे दोन वर्ग भरले, दूध डेअरीची माडी भरली, मारुतीच्या सभामंडपात तर रात्री पाय ठेवायला जागा राहीना. हे कोवळे दर, म्हणजे मुलंच, दिवसभर कट्ट्यावर बसून एकमेकांचे पैसे तपासत. शहाण्णव रुपये बारा पैसेवाला शहाण्णव रुपये नऊ पैसेवाल्याला ज्युनिअर म्हणत असे.

या सगळ्यांचं जेवण स्टँडमागच्या द्वारकाबाई शेटे यांच्या खाणावळीत. सत्तरी ओलांडलेल्या या बाईंना सारं गाव वहिनी म्हणे. आवाज खडा, हात सढळ, आणि मन एकदा ठरलं की कडबा कापायच्या यंत्रासारखं. मध्ये बोट घालायची कोणाची हिंमत नसे.

खाणावळीत तीन जुने मेंबर होते. भिंतीकडच्या कोपऱ्यात बसत ते तेरा-तेहतीस. इंग्रजांच्या अमदानीत लागलेले आणि सहासष्ट सालच्या जूनपर्यंत चाललेले. मध्ये महायुद्ध झालं, स्वातंत्र्य आलं, आण्यांचे पैसे झाले, पण ते हलले नाहीत. उंच, किडकिडीत, गळ्यापर्यंत बटणं लावलेला काळा डगला. द्वारकाबाई त्यांना आजोबा म्हणत. त्यांच्या समोर बसत एकवीस. सहासष्टच्या जूनमध्ये रुपयाचं अवमूल्यन झालं तेव्हा आजोबांच्या जागी हे लागले आणि दीड वर्षात सुटले. त्यांच्या शेजारी अठरा. सदुसष्ट साली खुद्द पौंडाचंच अवमूल्यन झालं तेव्हा लागलेले.

एकवीस आणि अठरा यांचं रोज भांडण. सुरुवात आमटीबरोबर व्हायची.

"माझं काय चुकलं ते सांगा," एकवीस म्हणत. "मला कोणी विचारून लावलं होतं का?"

"तुमच्या वेळी रुपया वाकला," अठरा मिशीवरून हात फिरवत. "माझ्या वेळी पौंड वाकला. फरक आहे, महाराज."

"फरक काय, काकडीएवढा?"

"ज्याला वाकवलं त्याला विचारा."

"वाकवणारे मोठे! जेवता इथंच ना दोघंही," असं म्हणत भाकऱ्या थापणारी शेवंता दोघांच्या ताटात एकदमच भाकरी टाकायची, म्हणजे आधी कोणाला वाढली यावरून दुसरं भांडण नको.

आजोबा यात बोलत नसत. त्यांचं बोलणं सकाळी, एकदाच. चहाचा कप हातात घेऊन ते म्हणत, "तेरा रुपये पाच आणे चार पै. कालच्याप्रमाणेच."

द्वारकाबाईंचे यजमान वारले त्या वर्षी दोन्ही दीर खाणावळ विकायला काढा म्हणून रोज दारात बसत. गॅस महागला, तेल महागलं, आचारी पळाला. रोज सकाळी बाई उठायच्या त्या आज कुलूप लावायचं असं ठरवूनच. आणि रोज सकाळी कोपऱ्यातून आवाज यायचा, कालच्याप्रमाणेच. हे ऐकलं की त्या पदर खोचून चूल पेटवायच्या. दीर कंटाळून गेले. या गोष्टीला आता बराच काळ लोटला, पण तो आवाज ऐकल्याशिवाय बाई अजूनही तव्याला हात लावत नव्हत्या.

खाणावळीचा नियम एकच, आणि तो सासूबाईंपासून चालत आलेला. ज्याला उद्या जेवायचं नसेल त्याने आज दिवेलागणीच्या आत सांगायचं. सांगितलं की खाडा धरायचा: त्या दिवसाचे पैसे नाहीत, आणि ताट दुसऱ्याला द्यायचं नाही.

"वहिनी, उद्या माझा खाडा," एखादा कालपरवाचा दर येऊन सांगे. "साताऱ्याला डॉलरकडचे चुलतभाऊ आलेत."

"दिवे लागले नाहीत ना अजून? मग धरला. आणि डॉलरकडच्यांपुढे मिजास करू नकोस, त्यांचंही आपल्यासारखंच आहे."

तर असं चाललेलं असताना तालुक्याहून हुकूम आला. तालुक्याला निवृत्त दर निवास कार्यालय होतं आणि तिथे पोफळे नावाचे साहेब होते. हुकूम असा होता की वेळशीत जागा उरलेली नसल्यामुळे सर्वात जुन्या दरांपासून सुरुवात करून त्यांची सरासरी काढण्यात येईल. सरासरीची खोली कार्यालयाच्या मागच्या बाजूला होती. एका दाराने जेवढे असतील तेवढे आत जात आणि दुसऱ्या दाराने एक बाहेर येई. खर्च वाचे, खाट वाचे. कोणाला दुखत नसे, असं हुकुमात स्वतंत्र कलम घालून कळवलं होतं.

तिघांना सोमवारी न्यायला जीप आली. पण आजोबांचं नाव लिहिताना कारकून अडला. त्याने तेरा पॉइंट तेहतीस असं लिहिलं.

"आणखी एक तीन," आजोबा नम्रपणे म्हणाले.

त्याने लिहिला.

"आणखी एक."

कारकुनाने कागदाच्या कडेपर्यंत तीन लिहिले, मग कागद उलटा करून लिहिले, मग टेबलावर दोन लिहून पेन खाली ठेवलं. "काका, हे संपणार कधी?"

"मी पैशांत संपत नाही," आजोबा म्हणाले. "आणे-पैमध्ये संपायचो. ते तुम्ही बंद केलेत."

कारकुनाने वर विचारून घेतो म्हणून त्यांना पुढच्या खेपेवर ठेवलं, आणि जीप एकवीस-अठराला घेऊन गेली. जातानाही दोघांचं पुढे कोण बसणार यावरून चाललंच होतं.

संध्याकाळच्या गाडीने साडेएकोणीस परत आले.

मध्यम उंची, मध्यम रंग, मिशी होती आणि नव्हतीही. एकवीस आणि अठरा यांच्या मधल्या रिकाम्या जागेत ते बसले. शेवंताने सवयीने दोन भाकऱ्या उचलल्या आणि एक परत ठेवली.

"ठेचा वाढू?" द्वारकाबाईंनी विचारलं. एकवीसला ठेच्याशिवाय घास उतरत नसे. अठराला तो चालत नसे.

"साधारण," साडेएकोणीस म्हणाले.

"मीठ बरोबर आहे ना आमटीत?"

"साधारण."

"रुपया वाकला होता की पौंड?" बाईंनी शेवटचा दगड टाकून पाहिला.

त्यांनी विचार केला. "दोघंही थोडे थोडे असतील," ते म्हणाले आणि शांतपणे जेवू लागले.

द्वारकाबाई आत गेल्या. शेवंता मागोमाग गेली. "वहिनी, आता आजोबांना नेलं म्हणजे?"

"तिघांचे मिळून सतरा रुपये चव्वेचाळीस पैसे होतात म्हणे. कारकून सांगत होता."

"सतरा चव्वेचाळीस? हा कोण?"

"कोणी नाही. त्या भावाने आजवर कोणी पौंड घेतला नाही की विकला नाही." बाईंनी चुलीतलं लाकूड मागे ओढलं. "उद्या सकाळी तो कोपऱ्यात बसून मला सांगणार, कालच्यासारखंच साधारण. शेवंता, उद्याचा स्वयंपाक तू बघ. मी तालुक्याला जाते."

दुसऱ्या दिवशी त्या आजोबांना घेऊन पोफळे साहेबांच्या समोर उभ्या राहिल्या. पोफळे पन्नाशीचे, स्वच्छ, सभ्य गृहस्थ. टेबलाच्या काचेखाली लंडनच्या पुलावर काढलेला त्यांचा फोटो होता. नोकरीच्या सुरुवातीला प्रशिक्षणासाठी गेले होते. त्यांनी बाईंना बसायला सांगितलं. बाई बसल्या नाहीत.

"बाई, तुमची काळजी मी समजू शकतो," पोफळे म्हणाले. "पण यात नुकसान कोणाचंच नाही. तीन आत जातात, एक बाहेर येतो. बेरजेत काही कमी होत नाही."

"बेरीज जेवायला येते का माझ्याकडे?"

"म्हणजे?"

"काल तुम्ही दोन मेंबर नेलेत आणि एक पाठवलात. मी त्याला विचारलं, ठेचा हवा का. त्याला माहीत नाही. साहेब, ज्याला स्वतःला ठेचा हवा की नको हे सांगता येत नाही, तो बाहेर आला असं मी धरत नाही. ते दोघं अजून तुमच्या खोलीतच आहेत."

पोफळ्यांनी नियमांचं पुस्तक उघडलं. ते कोणावर खेकसणाऱ्यातले नव्हते. अडचण आली की पुस्तक उघडत. "एकाच परिस्थितीत सवलत आहे. दर सेवेत असेल तर त्याची सरासरी काढता येत नाही. हे सेवेत आहेत का?"

"आहेत," द्वारकाबाई म्हणाल्या.

"सहासष्ट साली सुटले."

"सुटले नाहीत. खाड्यावर आहेत."

कारकुनाने मान वर केली. पोफळे मात्र हसले नाहीत. त्यांचं सगळं शिक्षण पुण्यात, नारायण पेठेतल्या एका मावशींच्या खाणावळीत जेवून झालं होतं, आणि खाडा हा शब्द त्यांनी तितक्याच गांभीर्याने घेतला जितक्या गांभीर्याने तो मावशींनी शिकवला होता.

"खाडा असेल तर आदल्या दिवशी सांगावं लागतं," ते म्हणाले. "दिवेलागणीच्या आत. यांनी सांगितलं होतं?"

"नव्हतं."

"मग जेवण लागू. खाडा धरता येत नाही. माफ करा."

"थांबा. यांनी सांगितलं नाही, कारण यांनाच कोणी सांगितलं नाही. आजोबा, सांगा साहेबांना."

आजोबांनी डगल्याचं वरचं बटण चाचपलं. "रविवार होता," ते म्हणाले. "शनिवारी मी नेहमीसारखा चाललो, तेव्हा शनिवारी बाजार असे. रविवारी सुट्टी. सोमवारसाठी डगला घासून ठेवला होता. रात्री रेडिओवर ऐकलं की उद्यापासून एकवीस. मला वाटलं दुसऱ्या कोणाबद्दल बोलतायत."

"आदल्या दिवशी कुणी काही बोललं नव्हतं? आडून आडून?"

"नाही हो. सकाळी कामावर गेलो तर माझ्या खुर्चीवर एकवीस बसलेले. तेही बिचारे घाबरलेले होते."

"झालं ना?" द्वारकाबाईंनी टेबलावर दोन्ही हात टेकले. "आता खाणावळीचा दुसरा भाग ऐका. गिऱ्हाईक न सांगता गेलं तर दोष गिऱ्हाईकाचा. पण खाणावळच न सांगता बंद राहिली, तर खाडा खाणावळीच्या नावावर लागतो. गिऱ्हाईकाची जागा हलत नाही. चार दिवसांनी येवो, चाळीस वर्षांनी येवो, त्याचं ताट त्याच जागी मांडायचं. बंद यांनी केलं का तुम्ही?"

"मी नव्हतो तेव्हा."

"तुमच्या वरच्यांनी. एकच चूल तुमची."

पोफळ्यांनी काचेखालच्या फोटोकडे पाहिलं. त्यांना आठवलं की मुलीच्या लग्नासाठी मावशींनी एकदा न सांगता खाणावळ बंद ठेवली होती. परत आल्यावर त्यांनी पोरांना रांगेने बसवून जुन्या जागेवर जुनं ताट मांडलं होतं, आणि वर प्रत्येकाला लग्नातला एकेक लाडू. मावशींनी केलं ते कार्यालयाला जड का जावं? त्यांनी पुस्तक पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत चाळलं.

"खाड्याबद्दल यात काहीच नाही," ते म्हणाले. "म्हणजे मनाईही नाही."

"मग?"

"मग हे सेवेत आहेत." त्यांनी पेनाचं टोपण काढलं. "पण बाई, सेवेत असलेल्याला निवृत्तांच्या गावात नुसतं बसून राहता येणार नाही. उद्या सकाळी रुजू व्हावं लागेल. आणि मुंबईत सध्या दुसरा दर चालू आहे, एका ठिकाणी दोन चालत नाहीत. हद्द कुठली धरू?"

"माझी खाणावळ. उंबऱ्यापासून परसातल्या नळापर्यंत."

"ठीक. त्या हद्दीत पौंडाचा भाव तेरा पूर्णांक एक तृतीयांश. रोज सूर्यास्ताच्या आत निदान एक व्यवहार झाला पाहिजे, आणि तोही खऱ्या गरजेपोटी झालेला. पौंड फुकट दिले तर चालणार नाही, ती देणगी होते. आणि हिशेबात एक पैही शिल्लक राहता कामा नये. व्यवहार झाला नाही तर सेवा खंडित, आणि..." त्यांनी मागच्या खोलीकडे पाहिलं.

"येते मी," द्वारकाबाई म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी आजोबा गल्ल्याशेजारी खुर्ची टाकून बसले. डगला घासलेला, बटणं चमकत होती. बाहेर रांग लागली होती, आणि ती सोसायटीच्या ऑफिसापर्यंत गेली होती. प्रत्येकाच्या मुठीत नोटा.

"मला पाच पौंड द्या!"

"वहिनी, मला दहा. नातवाचं शिक्षण आहे."

"कालपर्यंत नातू ट्रॅक्टर चालवत होता ना रे?"

"तेरा रुपयांत पौंड मिळत असेल तर शिकेल की!"

द्वारकाबाई उंबऱ्यावर आल्या. "घेणारे सगळे बाजूला व्हा. विकणारा कोण आहे?"

रांगेत कोणी विकणारा नव्हता. असणार कसा? बाहेर कोणीही एका पौंडाचे शंभराच्या आसपास देत होतं. जो खिशात पौंड बाळगून आहे तो इतका खुळा नसतो, आणि जो इतका खुळा आहे त्याच्या खिशात पौंड राहत नाहीत.

दुपारपर्यंत शेवंताने गाव पालथं घातलं. इंग्लंडला मुलगा असलेलं घर एकच, देसाई. देसाईकाकू दहा पौंडांची नोट पदराखाली धरून आल्या.

"द्वारका, ही नोट तू अशीच ठेव," त्या म्हणाल्या. "पैसे नकोत मला."

"फुकट चालत नाही गं. विकावी लागेल. एकशे तेहतीस रुपये आणि वर..."

"नाही विकणार." काकूंनी नोट परत पदराखाली घेतली. "तुला द्यायची तर आत्ता देते. पण माझं पोर तिथे थंडीत लोकांची भांडी घासून हे मिळवतं. त्याच्या कष्टाला मी माझ्या तोंडाने एवढासा भाव नाही सांगणार. तू रागावलीस तरी."

"रागावत नाही. बरोबर आहे तुझं," द्वारकाबाई म्हणाल्या, आणि त्यांनी काकूंना चहा दिला. चहाही काकूंनी उभ्याने घेतला.

उन्हं कलली तशी रांग पांगली. कट्ट्यावरची कालपरवाची मुलं खिडकीतून डोकावत होती. एका दिवसाच्या नोकरीत त्यांनी काम होताना कधी पाहिलंच नव्हतं. त्यांना वाटे, दर हा पेपरात छापायचा असतो.

"आजोबा," त्यातला एक म्हणाला, "तुम्ही थोडे वर का नाही सरकत? नव्वदवर या. लगेच कोणीतरी विकेल."

"मग मी कोण राहीन?" आजोबांनी विचारलं.

पोरगा आपल्या बॅगेकडे बघत बसला.

पाचच्या गाडीने पोफळे आले. बरोबर कारकून नव्हता. त्यांनी हद्द पाहिली, उंबऱ्यापासून नळापर्यंत चालून आले, आणि व्यवहार झाला का असं विचारलं. नाही झाला, असं बाईंनी सांगितलं. त्यांनी मान हलवली आणि साडेएकोणीसांच्या शेजारी बसून झुणका-भाकर मागवली.

"कसं चाललंय तुमचं?" त्यांनी साडेएकोणीसांना विचारलं.

"साधारण."

"काही त्रास?"

साडेएकोणीसांनी समोरच्या भाकरीकडे पाहिलं. "कधीकधी," ते म्हणाले, "कुणाशी तरी भांडावंसं वाटतं. पण समोर कोणी नसतं."

पोफळ्यांनी हातातला घास ताटात ठेवला. मग तो परत उचलून खाल्ला, कारण मावशींच्या खाणावळीत टाकायची रीत नव्हती. हात धुवायला ते परसात गेले, नळ बंद करून तिथेच उभे राहिले. सूर्य घाटाच्या कडेला टेकला होता.

परत आले ते सरळ गल्ल्यापाशी. त्यांनी पाकीट काढलं आणि त्याच्या आतल्या कप्प्यातून, बायकोच्या फोटोच्या मागून, तीन नाणी बाहेर काढली. पौंडाची.

"लंडनहून परत येताना ठेवली होती," ते म्हणाले. "आठवण म्हणून. मुलीला दाखवायला वगैरे."

"साहेब, बाहेर याचे तीनशेच्या घरात येतील," द्वारकाबाई म्हणाल्या. बाई हट्टी होत्या, पण फसवणाऱ्या नव्हत्या.

"कल्पना आहे. बाई, मी अधिकारी माणूस. मला इथे कोणावर दया करता येत नाही, ती देणगी होईल. मी एवढंच नोंदवतो की मला परतीचं तिकीट काढायचं आहे, कंडक्टरला सुटे लागतात, आणि माझ्याकडे पाचशेची नोट आणि हे तीन पौंड आहेत. तिकीट चाळीस रुपये. मला चाळीस रुपयांची खरी गरज आहे."

"पाचशेचे सुटे मी देते की!" मागून शेवंता म्हणाली.

"शेवंता," द्वारकाबाई मान न वळवता म्हणाल्या, "भाकरी करपतेय."

आजोबा खुर्चीतून उठले. इतक्या वर्षांनी आपलं काम समोर आल्यावर त्यांनी डगला ओढून सरळ केला. "एका पौंडाचे तेरा रुपये आणि एक तृतीयांश," ते म्हणाले. "तीन पौंडांचे चाळीस. मागे काही उरत नाही."

"काहीच नाही?" पोफळ्यांनी विचारलं.

"तिघं बरोबर आले की मी पैशांतही पुरा होतो."

नाणी गल्ल्यात पडली. द्वारकाबाईंनी दहा-दहाच्या चार नोटा काढून साहेबांच्या हातावर ठेवल्या. साहेबांनी घड्याळ पाहिलं, खिडकीतून सूर्य पाहिला, आणि दर सेवेत असल्याचं तोंडी जाहीर केलं. खिडकीतली मुलं टाळ्या वाजवायला लागली. साडेएकोणीसांनी ताटावरून मान वर करून झालं ते बरंच झालं, असं काहीसं म्हटलं. आजोबा परत खुर्चीत बसले आणि त्यांनी डगल्याचं वरचं बटण, आयुष्यात पहिल्यांदा, सैल केलं. ते पाहून द्वारकाबाईंच्या डोळ्यांत पाणी उभं राहिलं, आणि कोणाला दिसू नये म्हणून त्यांनी भिंतीकडे तोंड फिरवलं.

आता ठरल्याप्रमाणे कबूल करतो. वरच्या सगळ्यात एकच गोष्ट मी रचलेली आहे, ती म्हणजे द्वारकाबाईंच्या डोळ्यांतलं पाणी. ते आलं नाही. गोष्टीला बरं दिसतं म्हणून घातलं. खरं झालं ते असं की त्यांनी ती तीन नाणी गल्ल्यातून परत काढली, एकेक करून फळीवर आपटून वाजवून घेतली, आणि दाराकडे निघालेल्या पोफळ्यांना हाक मारून म्हणाल्या,

"साहेब, खिसे नीट बघा अजून. उद्याही दर चालवायचाय."